आधी आईला गाडीत बसवून बघा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो. घर जुळे सोलापुरात, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, म्हणजे रोज जाऊन-येऊन 35-40 किलोमीटर. महिन्यातून एकदा आईला घेऊन तुळजापूर नाहीतर अक्कलकोट. वर्षातून तीन-चार वेळा पुणे. मंगळवेढ्याकडं शेत, त्यातले शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई; आईचे गुडघे दुखतात. सगळं धरून 11 लाखांच्या आसपास खर्चाची तयारी, आणि त्यात बसतील अशा हॅचबॅक (डिकी बाहेर न आलेल्या, खाली बसलेल्या छोट्या गाड्या) आणि छोट्या एसयूव्ही (उंच गाड्या) यांची यादी. दाजी म्हणतात एसयूव्हीच घ्या, रोडवर वट राहते. ऑफिसातला मित्र म्हणतो, तेवढ्याच पैशात हॅचबॅकचं टॉप मॉडेल येतं, उगाच उंच पत्रा कशाला घेता?

अक्कलकोट रोडला गॅरेज काढून मला 24 वर्षं झाली. गेली दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेणाऱ्यांना गाडी तपासून देण्याचंही काम करतो. त्यामुळं नवी असताना काय सांगून विकली आणि पाच वर्षांनी तिचं काय झालं, ही दोन्ही टोकं बघायला मिळतात. दाजी अर्धे बरोबर आहेत, मित्रही अर्धा बरोबर आहे. पण निकाल लावणारी गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढं निघून गेलात: आईचे गुडघे. त्यावर येतो, पण त्याआधी तुम्ही नेमक्या कोणत्या दोन गोष्टींतून निवड करताय ते बघू.

आपल्याकडं 2006 पासून चार मीटरच्या आत लांबी आणि छोटं इंजिन असलेल्या गाडीला करात सवलत आहे. पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. त्यामुळं तुमच्या यादीतली प्रत्येक गाडी, मग तिला हॅचबॅक म्हणा की एसयूव्ही, त्या चार मीटरच्या पेटीत बसवलेली आहे. कंपनीला लांबी वाढवता येत नाही. मग ती वाढवते ती उंची, नाहीतर रुंदी, नाहीतर नुसता चेहरा.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण मारुतीच्या दोन गाड्यांचं, हॅचबॅक बलेनो आणि छोटी एसयूव्ही फ्रॉन्क्स. फ्रॉन्क्स 2023 मध्ये आली ती बलेनोच्याच बुडावर. बलेनो 3990 मिलीमीटर लांब, फ्रॉन्क्स 3995. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन्हीत 2520. साधं पेट्रोल इंजिन तेच, 1197 सीसी. उंचीत फरक 50 मिलीमीटर, जमिनीपासूनच्या अंतरात 20 मिलीमीटर: बलेनो 170, फ्रॉन्क्स 190. डिकी मात्र उलटी, बलेनोची 318 लिटर आणि फ्रॉन्क्सची 308. म्हणजे एसयूव्ही म्हणून जिच्याकडं बघताय तिच्यात सामान दहा लिटर कमी मावतं.

त्या 20 मिलीमीटरचंही गणित सांगतो, कारण ते शोरूममध्ये कोणी सांगत नाही. वरच्या मॉडेलच्या बलेनोला 195/55 आर 16 टायर येतो, फ्रॉन्क्सला 195/60 आर 16 (पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा बाजूची जाडी रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). रुंदी तीच, रिम तोच, फक्त टायरची बाजू जाड. हिशेब केला तर टायरचा व्यास साधारण 20 मिलीमीटरनं वाढतो, म्हणजे गाडी 10 मिलीमीटर वर जाते. उरलेले 10 स्प्रिंगमधून येतात. अर्धी ‘एसयूव्ही’ टायरवाल्याच्या दुकानात तयार होते, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा ते हसतात, पण गणित तसंच आहे. (म्हणून हॅचबॅकला वाट्टेल ते मोठे टायर चढवू नका. वळताना आतल्या प्लास्टिकला घासतात, स्पीडोमीटर चुकतो आणि वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.)

त्याच हिशेबात आणखी एक गंमत आहे. बलेनोच्या खालच्या मॉडेलला 185/65 आर 15 टायर येतो. त्याची बाजू 120 मिलीमीटर जाड, टॉप मॉडेलची 107. आपल्या खड्ड्यांत रिम वाकतो, टायरला बाजूनं फुगा येतो, तो या कमी जाडीमुळं. माझ्याकडं फुगा आलेले टायर घेऊन येणाऱ्यांत चकचकीत अलॉय रिमवाले जास्त असतात. मित्र म्हणतो ते टॉप मॉडेल घ्याल तर हे लक्षात ठेवून घ्या.

सगळ्या छोट्या एसयूव्ही अशा हॅचबॅकवरून उचललेल्या नाहीत. टाटाची नेक्सॉन घ्या. रुंदी 1804 मिलीमीटर, बलेनोपेक्षा जवळजवळ 6 सेंटीमीटर जास्त. जमिनीपासून 208 मिलीमीटर, डिकी 382 लिटर. तिघं मागं बसले की ही रुंदी खरंच कळते. मात्र नवी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेच्या गल्लीत गाडी घातली की तीच रुंदी आरसा घासून परत घेते. आणि उंच म्हणजे आत जागा जास्त, असंही नाही. ह्युंदाईच्या आय-20 हॅचबॅकमध्ये चाकांतलं अंतर 2580 मिलीमीटर आहे. त्याच कंपनीची छोटी एसयूव्ही व्हेन्यू 2019 मध्ये आली तेव्हा तिच्यात ते 2500 होतं. मागं बसून गुडघे कुठं टेकतात ते बघितलं तर हॅचबॅक जिंकायची, आणि लोक पैसे भरून यायचे एसयूव्हीचे.

आता आई.

दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला गाडीत बसणं जड जात नाही, उतरणं जड जातं. सीट खाली असली की कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, मग उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. हात दाराला, दुसरा हात पुढच्या सीटला, आणि ‘आई गं’. सीट फार उंच असली तरी पंचाईत. मोठ्या जीपसारख्या गाडीत आधी पाय उचलून वर टाकावा लागतो, त्यात नऊवारी असेल तर बघायलाच नको. दोन्हीच्या मधली उंची हवी, म्हणजे माणूस चढतही नाही, उतरतही नाही, नुसता सरकून बसतो.

हे मोजायला माहितीपत्रक उपयोगी नाही. घरातला टेप घ्या. आई हाताचा आधार न घेता ज्या खुर्चीवरून उठते त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची मोजा. मग शोरूममध्ये गाडी सपाट जागेवर उभी करून जमिनीपासून मागच्या सीटच्या गादीपर्यंत मोजा, गादी थोडी दाबून. खुर्चीइतकी किंवा दोन-तीन बोटं जास्त भरली तर उत्तम. त्याहून कमी भरली तर ती गाडी आईसाठी नाही, मग तिला सुरक्षेचे किती का स्टार असेनात. दाराचा उंबराही बघा. काही एसयूव्हींचा उंबरा इतका रुंद असतो की पाय बाहेर टाकताना पोटरी त्याच्यावर घासते. दार किती उघडतं हेही बघा. टाटाच्या अल्ट्रोझची दारं सरळ 90 अंशांत उघडतात, हॅचबॅक असूनही. आणि छप्पर मागं उतरतं घेतलेल्या गाड्यांत, फ्रॉन्क्स त्यातलीच, सीट बरी असते पण शिरताना डोकं लागतं. म्हातारी माणसं आधी डोकं घालतात, मग अंग. त्यांना वाकायला लावणारी गाडी उंच असून उपयोग काय?

दोन वर्षांपूर्वी एक गुरुजी आले होते, बार्शीकडचे. बायकोच्या गुडघ्यांसाठी म्हणून एसयूव्ही घेतली, आणि घेताना बायकोला बरोबर नेलंच नव्हतं, ‘सरप्राइज’ द्यायचं होतं. त्या बाई वर्षभर पुढच्या सीटवरच बसल्या, कारण मागच्या दारातून त्यांना उतरता येईना. माझ्याकडं गाडी आली ती विकायचीच होती म्हणून. ‘गुडघं धरतंय म्हणून घेतली, आता कंबर धरतीया,’ असं त्या म्हणाल्या ते विसरलो नाही.

दाजींचा दुसरा मुद्दा जमिनीपासूनच्या उंचीचा. इथं थोडं स्पष्ट बोलावं लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. तसा असेल तर 165-170 मिलीमीटरची हॅचबॅक पाच माणसं घेऊनही आरामात जाते. पण आपल्या गल्लीबोळांत जो डांबराचा ढीग ओतलेला असतो त्याला कुठलाच नियम लागू नाही. शिवाय छापलेला आकडा रिकाम्या गाडीचा धरून चाला. मागं तिघं आणि डिकीत ज्वारीचं पोतं ठेवलं की गाडी दोन-तीन बोटं खाली बसते. अशा वेळी त्या 20 मिलीमीटरचा फरक पडतो, हे खरं. पण सवयीचा फरक त्याहून मोठा. स्पीडब्रेकरवर चढून गेल्यावर ब्रेक मारला तर गाडीचं नाक खाली दबतं आणि तेवढ्यात चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासतो. आधी ब्रेक, मग चढताना पाय सोडलेला. एवढं जमलं तर शहरात हॅचबॅकचं काही अडत नाही. माझी स्वतःची गाडी हॅचबॅक आहे, आणि तिचा चेंबर मी एकदाच फोडलाय, तोही फोनवर बोलत असताना.

शेताच्या रस्त्याबद्दल मात्र तुमचा भ्रम काढायला हवा. उन्हाळ्यात तो रस्ता म्हणजे चाकोऱ्या आणि मधला उंचवटा. तिथं 190-208 मिलीमीटरची गाडी निवांत जाते, हॅचबॅकला एक चाक उंचवट्यावर ठेवून जावं लागतं. पावसाळ्यात मात्र दोघींची गत एकच. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टायर तुळतुळीत होतो, आणि तुमच्या यादीतल्या सगळ्या गाड्या पुढच्या दोन चाकांनी ओढणाऱ्या आहेत. चिखलात उंचीनं काम होत नाही, पकड लागते. आषाढात गाडी डांबरावर ठेवा आणि चालत जा, नाहीतर भावकीतल्या कोणाचा तरी ट्रॅक्टर सांगून ठेवा.

पुण्याचा रस्ता. साधारण अडीचशे किलोमीटर, चौपदरी, मोहोळ-टेंभुर्णी-इंदापूर-भिगवण. इथं मित्राची बाजू भक्कम होते. खाली बसलेली गाडी वेगात सरळ राहते, लेन बदलताना झुलत नाही, हवा कमी अडवते म्हणून पेट्रोलही कमी पिते. उंच गाडीत डोकं जमिनीपासून जास्त वर असल्यानं तेवढ्याच हेलकाव्यात ते जास्त हलतं. तुळजापूरच्या घाटात मागं बसलेल्या पोरांना मळमळायला लागतं ते यामुळंही. ‘एसयूव्हीत गचके लागत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. खड्ड्यात ती कमी आदळते, पण एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की मागच्या माणसाला डावीकडून उजवीकडं जास्त फेकते. टेस्ट ड्राइव्हला तुम्ही चालवता, म्हणून ते तुम्हाला कळत नाही. मागं बसून बघा.

सुरक्षेवर दाजींचं म्हणणं असेल की उंच गाडी मजबूत. मजबुती उंचीवर ठरत नाही. नेक्सॉनला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) पाच स्टार मिळाले, तसे पाच स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. पण 2020 मध्ये अल्ट्रोझलाही पाच स्टार मिळाले, आणि ती हॅचबॅक आहे. ज्या गाडीचा विचार कराल तिचा निकाल त्याच मॉडेलच्या नावानं काढा. 2023 पासून आपली भारत एनकॅपही आहे. पण स्टार कशाचे मिळतात तेही समजून घ्या. समोरची मुख्य चाचणी ताशी 64 किलोमीटरच्या वेगानं, गाडीच्या 40 टक्के रुंदीवर, चेपणाऱ्या अडथळ्यावर होते. आपल्याकडं ऊसतोडणीच्या दिवसांत रात्री दिव्याविना चाललेली किंवा कडेला उभी ट्रॉली असते. तिचा पाटा बॉनेटच्या वर असतो, गाडी खाली घुसते आणि धडक थेट काचेला बसते. त्याला कुठलाच स्टार पुरत नाही. तिथं उपयोगी पडतात चांगले हेडलाइट आणि ऐंशीचा वेग. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकदा अंधारात मागा, बहुतेक जण देतात. सहा एअरबॅग, ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) आणि मागच्या तिन्ही सीटना तीन-टोकी पट्टे हे माझ्या हिशेबी कमीत कमी. तुमच्या मॉडेलच्या यादीत लिहिलेलं असेल तरच आहे असं समजा.

सनरूफ नको. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. 42-43 अंशांत चिंचोळीला दिवसभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी, तिच्या डोक्यावर आणखी एक काच, आणि संध्याकाळी एसीकडून चमत्काराची अपेक्षा! त्या पैशात मागचे एसी व्हेंट असलेलं मॉडेल घ्या आणि रंग पांढरा किंवा चंदेरी. काळी गाडी फक्त फोटोत छान दिसते.

इंजिनाचं पटकन. रोजच्या 40 किलोमीटरला साधं 1.2 पेट्रोल पुरतं. टर्बो हायवेला मजा देतं, सात रस्त्याच्या गर्दीत खालच्या वेगात मात्र सुस्त वाटतं. डिझेलच्या भानगडीत या वापराला पडू नका. छोट्या-छोट्या फेऱ्यांत धूर गाळणारा फिल्टर तुंबतो आणि तो बिलातच दिसतो. सीएनजी परवडतं, पण टाकी डिकी खाते. दोन छोट्या टाक्या बुडाशी बसवलेल्या गाड्यांत थोडी डिकी वाचते, तेवढ्याच बघा. ऑटोमॅटिक हवी असेल आणि ती एएमटी (मॅन्युअलचेच गिअर यंत्रानं बदलणारी) असेल तर घाटाच्या चढावर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

पैशाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून या छोट्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला, हॅचबॅक आणि छोटी एसयूव्ही दोन्हींवर. पण सापळा आहे: लांबी चार मीटरच्या आत असली तरी पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या वर गेलं की 40 टक्के. मारुतीच्या ब्रेझाचं इंजिन 1462 सीसी आहे, म्हणून दिसायला तशीच असली तरी ती दुसऱ्या खान्यात जाते. दुसरी रेघ दहा लाखांची. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत 11 टक्के, वर 12. म्हणजे 9 लाख 90 हजारांच्या गाडीवर 1 लाख 8 हजार 900 आणि 10 लाख 20 हजारांच्या गाडीवर 1 लाख 22 हजार 400. त्यात दहाच्या वर एक टक्का टीसीएस (विक्रेता आधीच घेतो तो आयकर) आधी भरावा लागतो, तो पुढं विवरणपत्रात वळता होतो. त्यामुळं ‘फक्त तीस हजारांत वरचं मॉडेल’ असं कोणी म्हणालं तर ऑन-रोड आकडा कागदावर मागा. थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो, 1200 सीसीच्या दोन्ही गाड्यांना तो एकच.

पेट्रोलचा फरक वाटतो तेवढा नाही. कंपनीचे आकडे लिटरला बलेनोचे 22.35 किलोमीटर आणि फ्रॉन्क्सचे 21.79. शहरात एसी लावून जड एसयूव्ही 14 आणि हॅचबॅक 16 देते असं धरा. महिन्याला 1000 किलोमीटरला नऊ लिटरचा फरक, म्हणजे लिटरला 105 रुपये धरले तर हजाराच्या आत. आईच्या गुडघ्यांसमोर ही रक्कम मोठी नाही.

तुमच्यासाठी माझा कौल: आई महिन्याला गाडीत बसतात, म्हणून उंच गाडी, पण टॉप मॉडेल नाही, सनरूफ नाही, साधं पेट्रोल, मॅन्युअल, एक्स-शोरूम दहाच्या आत. आई वर्षातून दिवाळीलाच बसणार असत्या तर मी डोळे झाकून हॅचबॅक सांगितली असती, कारण उरलेल्या सगळ्या कामाला ती जास्त गाडी देते. आणि टेप लावल्यावर एखाद्या हॅचबॅकचीच सीट आईच्या खुर्चीशी जुळली, तर दाजींना चहा पाजा आणि हॅचबॅक घ्या.

शोरूमला रविवारी जाऊ नका, गर्दीत कोणी नीट बसू देत नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी जा, आईला नेहमीच्या चपला आणि नेहमीची साडी नेसवून न्या. त्यांना मागच्या दारातून तीनदा बसवा, तीनदा उतरवा, आणि तिसऱ्या वेळी त्यांचे हात कुठं जातात ते बघा. मग चौघांना बसवून गाडी होटगी रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर न नेता तुमच्या स्वतःच्या गल्लीत न्या. तो स्पीडब्रेकर, पार्किंगचा उतार, फाटकातलं वळण. सेल्समन म्हणेल की रूट ठरलेला आहे. त्याला सांगा, गाडी रोज आमच्या गल्लीत राहणार आहे.